सलाईनच्या वाटेने

भेटीच्या वेळी रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात गेलात की रुग्णांचे हात पाहा. कुणाच्या हाताच्या पाठीवर गुलाबी टोपी असते, कुणाच्या निळी. तान्ह्या बाळाच्या मनगटाजवळ पिवळी, तर अपघातातून आलेल्याच्या कोपराखाली हिरवी किंवा करडी. हे रंग शोभेसाठी नसतात, त्यावरून नळीची जाडी कळते. नारिंगी १४ नंबरची आणि सर्वांत जाड. मग करडी १६, हिरवी १८, गुलाबी २०, निळी २२, पिवळी २४ आणि जांभळी २६. आकडा वाढतो तशी नळी बारीक होते. हा संकेत जगभर एकच आहे. त्यामुळे सिल्लोड किंवा वैजापूरला घातलेली हिरवी नळी पाहिली की छत्रपती संभाजीनगरच्या अपघात विभागातल्या डॉक्टरला काही विचारावं लागत नाही. यातून रक्त भराभर देता येईल, हे रंगच सांगतो.

पुस्तकात हिला पेरिफेरल इंट्राव्हीनस कॅथेटर म्हणतात. डॉक्टर कॅन्युला म्हणतात, सिस्टर इंट्राकॅथ किंवा व्हेनफ्लॉन म्हणतात आणि आपण म्हणतो सलाईनची सुई. सुई प्रत्यक्षात आत राहतच नाही. शिरेत शिरताना तिचा उपयोग होतो, मग ती काढून टाकतात आणि तिच्यावर चढवलेली मऊ प्लास्टिकची नळी तेवढी शिरेत उरते. बरेच रुग्ण हात वाकवला तर सुई टोचेल या भीतीने दोन-दोन दिवस हात ताठ धरून बसतात. त्यांना एवढं जरी कुणी सांगितलं तरी निम्मा ताण जाईल.

घाटी रुग्णालय, म्हणजे इथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय, १९५६ साली सुरू झालं. जालना, बीड, परभणी, हिंगोली, शिवाय बुलढाणा, जळगाव आणि अहिल्यानगरच्या काठावरच्या गावांतूनही माणसं तिथे येतात. कुणाला साप चावलेला असतो, कुणी कीटकनाशक प्यालेलं असतं, कुणी अडलेली बाळंतीण असते, कुणी मोटारसायकलवरून पडलेला असतो. आजार कितीही वेगळे असले तरी यांतल्या बहुतेकांना पहिल्या तासात मिळणारी वस्तू एकच असते, ती म्हणजे ही नळी. खासगी रुग्णालयांतही वेगळं काही घडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, रुग्णालयात दाखल होणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोकांना कधी ना कधी अशी नळी लागते. माणसाच्या शरीरात घातलं जाणारं इतकं सर्रास उपकरण दुसरं नसावं. कदाचित म्हणूनच तिच्याकडे उपकरण म्हणून कुणी पाहत नाही. शस्त्रक्रियेसाठी संमतीपत्रावर सही घेतात, नळीसाठी 'हात पुढे करा' एवढं पुरतं.

ती घातल्यावर मात्र बाहेरचं जग आणि वाहतं रक्त यांच्यामध्ये कातडीचा अडसर उरत नाही. धोका किती? २००६ साली डेनिस माकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०० अभ्यास एकत्र करून पाहिले. साध्या परिघीय नळीमुळे रक्तात जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण त्यांना १,००० नळी-दिवसांमागे सुमारे ०.५ एवढं आढळलं. एक नळी एक दिवस शिरेत राहिली की एक नळी-दिवस धरायचा. छातीजवळच्या मोठ्या शिरेत घालायच्या सेंट्रल लाइनच्या तुलनेत हा आकडा अगदी किरकोळ दिसतो आणि तज्ज्ञ वर्षानुवर्षं त्यावर समाधान मानून राहिले. सेंट्रल लाइनसाठी तपासणी-याद्या, निर्जंतुक गाऊन, रोजची नोंद असा सगळा जामानिमा असतो. हातावरच्या नळीच्या वाट्याला एक चिकटपट्टी येते.

पण हा हिशेब पुरा करून पाहू. एक रुग्णालय धरा. तिथे कुठल्याही दिवशी ७०० रुग्णांच्या हाताला नळी आहे. वर्षाचे झाले २,५५,५०० नळी-दिवस. हजारामागे अर्धा या दरानेही वर्षाला सव्वाशेहून अधिक माणसांच्या रक्तात जंतू शिरले. प्रत्येक जण वेगळ्या वॉर्डात, वेगळ्या आठवड्यात, वेगळ्या मूळ आजारासोबत. त्यामुळे हे सव्वाशे एका रांगेत कधी दिसतच नाहीत. ताप आला की तो 'इन्फेक्शन वाढलं' या सदरात जातो.

रक्तात थेट मीठ-पाणी सोडण्याची कल्पना तशी जुनी आहे. १८३२ साली ब्रिटनमध्ये पटकीची साथ होती, तेव्हा ओशॉनसी नावाच्या तरुण डॉक्टरने रुग्णांचं रक्त तपासलं. त्यातलं पाणी आणि क्षार कमी होतात, असं त्याने दाखवून दिलं. स्कॉटलंडमधल्या लीथ गावच्या थॉमस लाटाने त्यावरून एका मरणासन्न वृद्धेच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडलं. ती चक्क उठून बसण्याइतकी सावरली. लाटा तिथून गेला, काही तासांत तिला पुन्हा जुलाब लागले आणि ती दगावली. ओशॉनसी पुढच्याच वर्षी कोलकात्याला आला आणि नंतर भारतातल्या तारयंत्राच्या जाळ्यासाठी प्रसिद्ध झाला. सलाईनशी त्याचं नाव आज फारसं कुणी जोडत नाही. यानंतर शतकभर शिरेत धातूची सुईच राहत असे, हात हलला की शीर फाटायची. सुईवर प्लास्टिकची नळी चढवून ती आत ठेवण्याची युक्ती १९५० साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमधल्या डेव्हिड मासा या भूलतज्ज्ञाने प्रचारात आणली. त्यामुळे रुग्णाला आराम पडला, नळी दिवसचे दिवस आत ठेवता येऊ लागली. जंतूंना हवी असलेली सवडही त्यातूनच मिळाली.

जंतू ही सवड कशी वापरतात, ते छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या नळांवरून समजतं. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला शहरात जमिनीखालून पाणी खेळवलं, त्या नहरींच्या खापरी नळांचे अवशेष या शहराने पाहिले आहेत. पाणी वाहणारी कुठलीही नळी काही दिवसांनी आतून बोटाने चाचपली तर बुळबुळीत लागते. तो बुळबुळीतपणा म्हणजे जंतूंची वस्ती. ते नळीला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण तयार करून त्यात एकमेकांच्या आधाराने राहतात. शिरेतल्या प्लास्टिकवर हेच घडतं, फक्त फार लवकर आणि डोळ्यांना न दिसेल असं. याला बायोफिल्म म्हणतात. आत दडलेल्या जंतूंपर्यंत प्रतिजैविकं नीट पोचत नाहीत. तिथले बरेचसे जंतू सुस्तावलेले असल्याने त्यांच्यावर औषधाचा परिणामही कमी होतो. त्यामुळे संसर्ग झालेली नळी आत ठेवून वरून महागडी इंजेक्शनं देण्यात अर्थ नसतो, ती आधी काढावी लागते. माकींनीच १९७७ साली एक सोपी तपासणी रूढ केली. काढलेल्या नळीचं टोक जंतू वाढवायच्या थाळीवर लाटायचं आणि १५ किंवा त्याहून अधिक ठिपके उगवले तर ती नळी जंतूंनी व्यापलेली समजायची. प्रयोगशाळांत आजही हीच पद्धत चालते.

जंतू नळीवर पोचतात कसे? पहिली वाट कातडीवरून. रुग्णाच्याच त्वचेवर राहणारे स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू टोचलेल्या छिद्रातून नळीच्या बाहेरच्या बाजूने आत सरकतात. त्वचा साफ करायला ७० टक्के अल्कोहोलमध्ये मिसळलेलं २ टक्के क्लोरहेक्सिडीन सर्वांत चांगलं, हे फ्रान्समधल्या १,००० रुग्णांवरच्या 'क्लीन-३' या चाचणीने २०२१ साली पुन्हा दाखवलं. पण औषध चांगलं असून भागत नाही, ते वाळावंही लागतं. अर्धं मिनिट थांबायचं असतं. गर्दीच्या वॉर्डात अर्धं मिनिट ही मोठी चैन. मग फुंकर मारली जाते किंवा स्पिरिट ओलं असतानाच सुई टोचली जाते. जागा साफ केल्यावर शीर सापडते का, हे पाहायला तिथेच पुन्हा बोट लावण्याची सवयही सार्वत्रिक आहे. स्पिरिटमध्ये भिजवून ठेवलेल्या कापसाच्या बोळ्यांचं भांडं तुम्ही छोट्या-मोठ्या दवाखान्यांत पाहिलं असेल. जागतिक आरोग्य संघटना या भांड्याला स्पष्ट नको म्हणते. सकाळपासून दहा हात त्यात गेलेले असतात आणि झाकण उघडं राहिल्याने अल्कोहोल उडत जातं.

ड्रेसिंगची कथाही अशीच. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, वॉर्डातला पंखा गरम हवाच फिरवतो, घामाने चिकटपट्टी सुटते. ती सुटली की नळी छिद्रात आत-बाहेर सरकू लागते आणि प्रत्येक सरकण्यासोबत कातडीवरचे जंतू थोडे आत ओढले जातात. नळी वाहती असेल तर सुटलेल्या पट्टीवर दुसरी पट्टी चढते. पट्टीचे तुकडे आधीच कापून खाटेच्या दांडीला चिकटवून ठेवले असतील तर दांडीवरचं सगळंच त्या छिद्रावर येतं. नळीची जागा आरपार दिसावी म्हणून पारदर्शक निर्जंतुक ड्रेसिंग असतं. ते महाग पडतं म्हणून साध्या पट्टीच्या घड्यांखाली जागा गाडली जाते आणि आतली लाली कुणालाच दिसत नाही.

दुसरी वाट नळीच्या आतून जाते. माझ्या मते आपल्याकडे अधिक लक्ष द्यायला हवं ते इथे. आपल्या वापरातल्या बहुतेक नळ्यांना वरच्या बाजूला एक छोटं तोंड असतं. रंगीत टोपी असते ती त्यावरच. इंजेक्शन देताना पुन्हा टोचावं लागू नये म्हणून ही सोय. दिवसातून तीन-चार वेळा ते झाकण उघडलं जातं. मागच्या टोकाचं बूच काढून गादीवर किंवा ट्रेमध्ये ठेवलं जातं, औषध दिलं की तेच परत बसवलं जातं. नियम असा की सिरिंज जोडायची जागा दर वेळी अल्कोहोलच्या स्वॅबने रगडून पुसायची, १५ सेकंद, आणि वाळू द्यायची. बूच दर वेळी नवं. एका सिस्टरच्या वाट्याला ४०-५० रुग्ण असतील आणि प्रत्येकाची तीन इंजेक्शनं असतील तर नुसतं पुसण्यातच अर्धा तास जातो. त्या अर्ध्या तासासाठी कुठल्याही ड्युटीच्या तक्त्यात जागा नसते. दोष तक्त्याचा आहे, तो सिस्टरच्या माथी मारणं सोपं पडतं इतकंच.

तिसरी वाट बाटलीतून. आपल्याकडच्या अनेक सलाईनच्या बाटल्या थोड्या कडक प्लास्टिकच्या असतात. द्रव खाली उतरला तरी त्या आपोआप आवळत नाहीत, म्हणून हवा आत जायला वरून एक सुई खुपसली जाते. वॉर्डातली हवा थेट बाटलीत. याउलट पूर्ण बंद, मऊ पिशवी द्रव उतरेल तशी आकसत जाते. अर्जेंटिना, ब्राझील, इटली आणि मेक्सिकोमधल्या अतिदक्षता विभागांत उघड्या बाटल्यांऐवजी अशा बंद पिशव्या आणल्या गेल्या. तिथल्या सेंट्रल लाइनच्या रुग्णांमधला रक्तसंसर्ग हजार दिवसांमागे १०.१ वरून ३.३ वर आला. अभ्यास सेंट्रल लाइनचा होता हे खरं, पण बाटली हातावरच्या नळीलाही तीच लागते. क्लेबसिएला गटातले जंतू साध्या पाच टक्के ग्लुकोजच्या पाण्यात खोलीच्या तापमानाला झपाट्याने वाढतात. एका मिलिलिटरमध्ये दहा लाख जंतू झाले तरी पाणी डोळ्यांना स्वच्छच दिसू शकतं. १९७०-७१ साली अमेरिकेत एका कंपनीच्या बाटल्यांच्या झाकणांत जंतू बसले आणि २५ रुग्णालयांतल्या शेकडो रुग्णांच्या रक्तात पोचले. त्या प्रकरणाचा उलगडा व्हायला महिने लागले, त्याचं एक कारण हेच.

नेहमी आढळणारी आणखी एक सवय म्हणजे १०० मिलीची एक सलाईनची बाटली फोडायची, तिच्या रबरी बुचात सुई रोवून ठेवायची आणि दिवसभर त्यातून पाणी ओढून सगळ्यांच्या नळ्या फ्लश करायच्या, म्हणजे आतून धुऊन मोकळ्या करायच्या. एका रुग्णाची सिरिंज चुकून दुसऱ्यांदा त्या सुईला लागली की सगळा वॉर्ड एका रक्ताने जोडला जातो. एका बाटलीची किंमत काय असू शकते, हे महाराष्ट्राच्या वैद्यकीय इतिहासाला ठाऊक आहे. परळच्या प्रयोगशाळेत हाफकिन यांची प्लेगची लस तयार होत असे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना ती टोचली गेली. एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मेले. हाफकिन यांची बदनामी झाली आणि निर्दोषत्व मान्य व्हायला १९०७ उजाडलं. बाटली उघडताना खाली पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, असं पुढे निष्पन्न झालं.

अलीकडची उदाहरणंही आहेत. २०११ साली जोधपूरच्या सरकारी रुग्णालयात डझनाहून अधिक बाळंतिणी दगावल्या तेव्हा बोट दूषित सलाईनकडे वळलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये कर्नाटकातल्या बळ्ळारीत मातांच्या मृत्यूनंतर रिंगर लॅक्टेटच्या साठ्यावर बंदी आली. पण असे कारखान्यातले घोटाळे बातमीत येतात तरी. वॉर्डात, बाटली उघडल्यानंतर होणारी भेसळ बातमीत येत नाही आणि एकूण धोक्यात तिचा वाटा कितीतरी मोठा असावा.

भारतातलं चित्र पाश्चात्त्य पुस्तकांपेक्षा वेगळं आहे, हे सांगायला आता आपल्याकडची आकडेवारी आहे. २०१३ ते २०१९ या काळात १९ शहरांतल्या ५७ रुग्णालयांचे २०४ अतिदक्षता विभाग एका आंतरराष्ट्रीय गटाने पाहिले. हातावरच्या नळीतून होणाऱ्या रक्तसंसर्गाचं प्रमाण हजार नळी-दिवसांमागे २.९१ निघालं. अतिदक्षता विभागातले रुग्ण मुळात अधिक आजारी असतात, त्यामुळे हा आकडा जनरल वॉर्डाला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी माकींच्या अर्ध्याच्या तुलनेत तो जवळपास सहापट आहे. अधिक महत्त्वाचं म्हणजे त्यात सापडलेले जंतू. पाश्चात्त्य देशांत कातडीवरचे स्टॅफिलोकॉकस आघाडीवर असतात. आपल्याकडे दोन-तृतीयांश जंतू ई. कोलाय, क्लेबसिएला, स्यूडोमोनास अशा ग्रॅम-निगेटिव्ह कुळातले निघाले. हे पाण्यात, ओलसर जागी, सिंकच्या कडेला, ओल्या हातांवर राहणारे. यांचा मुक्काम रुग्णाच्या कातडीपेक्षा आपल्या हातांवर आणि बाटल्यांत अधिक असतो. पाश्चात्त्य नियमावली भाषांतरित करून भिंतीवर लावली तर ती त्वचा साफ करण्यावर जितका भर देते तितका आपल्या सिंकवर आणि फोडलेल्या बाटलीवर देईलच असं नाही. आणि हे जंतू औषधांना दाद न देणारे आहेत. दिल्लीच्या तीन रुग्णालयांतल्या नवजात बालकांच्या मोठ्या अभ्यासात, जो २०१६ साली प्रसिद्ध झाला, सेप्सिसच्या, म्हणजे अंगभर पसरणाऱ्या गंभीर संसर्गाच्या, कारणांत ॲसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि ई. कोलाय हेच पुढे होते. तो अभ्यास केवळ नळीचा नव्हता. पण जंतूंना आत शिरायला ज्या वाटा मिळतात त्यांत पिवळ्या टोपीची नळी येतेच.

बाळांचा विषय निघालाच आहे तर हात न हलावा म्हणून बांधतात त्या फळीबद्दल. आपल्याकडे औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, त्यावर कापूस गुंडाळून फळी केली जाते आणि एका बाळाची दुसऱ्याला लावली जाते. १९९६ साली ब्रिटनमध्ये चार अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कातडीवर रायझोपस बुरशी वाढलेली आढळली. शोध घेता घेता ती जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्यांवर सापडली, ज्यांची फळी करून सलाईनचा हात बांधला होता. करोनाकाळातल्या २०२१ च्या उन्हाळ्यात मराठवाड्याने म्युकरमायकोसिस जवळून पाहिला, त्याच कुळातली ही बुरशी. पुठ्ठा स्वस्त आहे, पण निर्जंतुक करता येत नाही.

आता लाल झालेला प्रत्येक हात जंतूंनी पछाडलेला नसतो, हेही सांगायला हवं. शिरेला सूज येते तिला फ्लेबायटिस म्हणतात आणि बहुतेकदा ती औषधाच्या तिखटपणामुळे किंवा नळी शिरेला घासल्यामुळे येते. पोटॅशियम आणि काही प्रतिजैविकं शिरेला झोंबतात. बारीक शिरेत जाड नळी घातली तरी हेच. मात्र सुजलेली, गुठळी धरलेली शीर ही जंतूंना आयती जागा असते, म्हणून अशी नळी काढायचीच. इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या अँड्र्यू जॅक्सन या परिचारकाने १९९८ मध्ये शून्य ते पाच गुणांची एक सोपी पट्टी तयार केली. काहीच लक्षण नाही तर शून्य. किंचित दुखतं किंवा किंचित लाल आहे, तर एक, म्हणजे लक्ष ठेवा. दुखणं, लाली, सूज यांतली दोन दिसली की दोन गुण आणि नळी बदला. पुढे शीर दोरीसारखी कडक लागते, पू येतो, ताप येतो. ही पट्टी वाचायला एमबीबीएस लागत नाही, उशाशी बसलेली आईसुद्धा वाचू शकते.

नळी किती दिवस ठेवावी, यावर जगातले तज्ज्ञ अजून भांडत आहेत आणि ते भांडण मला या विषयातलं सर्वांत रंजक वाटतं. पूर्वी दर तीन-चार दिवसांनी नळी बदलायचीच असा दंडक होता. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये क्लेअर रिकर्ड यांनी ३,२८३ रुग्णांवर चाचणी घेतली. अर्ध्यांची नळी ठरल्या दिवशी बदलली, अर्ध्यांची फक्त त्रास झाला तर. २०१२ साली निकाल छापून आला. दोन्ही गटांत शिरेची सूज सात टक्केच. मग विनाकारण टोचायचं कशाला? अनेक रुग्णालयांनी दंडक सोडला. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयांनीही २०१८ मध्ये सोडला आणि चार लाखांहून अधिक नळ्यांच्या नोंदी तपासल्यावर त्यांना दिसलं की रक्तसंसर्ग सुमारे सातपट झाला आहे. २०१९ च्या ऑक्टोबरात त्यांनी जुना नियम परत आणला.

मग खरं कोणाचं? मला दोन्ही खरी वाटतात. चाचणीत प्रत्येक नळीकडे संशोधक रोज पाहत होते, त्यामुळे 'त्रास झाला तर काढा' या वाक्यातला त्रास वेळेवर दिसत होता. रोजच्या कामाच्या रगाड्यात तेच वाक्य 'राहू द्या, चालतीये' असं वाचलं जातं. मराठवाड्यातल्या गच्च भरलेल्या वॉर्डाला क्वीन्सलँडचा नियम लावायचा तर क्वीन्सलँडची नजरही लावावी लागेल. ती नसेल तर कॅलेंडर बरं. घाईगर्दीत, १०८ च्या रुग्णवाहिकेत किंवा रस्त्याच्या कडेला घातलेली नळी मात्र दोन दिवसांच्या आत बदलावी यावर फारसं दुमत नाही.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ५१ देशांतल्या पाहणीत ४०,६२० नळ्या तपासल्या गेल्या. त्यांतल्या १४ टक्के नळ्यांचं काहीच काम उरलं नव्हतं. ना सलाईन, ना इंजेक्शन. काढायचं कुणाला सुचलं नाही म्हणून त्या हातात होत्या. इथे आपल्या समाजाचाही वाटा आहे. अशक्तपणा आला की 'डॉक्टर, एक सलाईन लावा' ही मागणी पैठणपासून कन्नडपर्यंत कुठल्याही दवाखान्यात ऐकू येते आणि न लावणारा डॉक्टर रुग्ण गमावतो. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे शंभरपेक्षाही कमी कॅलरी. एक ज्वारीची भाकरी याहून जास्त देते. नॉर्मल सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं आणि कॅलरी शून्य. जो तोंडाने खाऊ-पिऊ शकतो त्याला यातून मिळतं ते पाणी, मीठ किंवा साखर, आणि कातडीला एक छिद्र. जे औषध गोळीने चालेल तेही शिरेतूनच हवं, या हट्टामुळे नळीचा मुक्काम आणखी दोन-तीन दिवसांनी वाढतो.

रुग्णाजवळ बसणाऱ्याने करण्यासारखं बरंच आहे आणि त्यासाठी भांडावं लागत नाही. ठिबक वाढवायचं चाक स्वतः फिरवू नये, रक्त उलटं आलं तर नळी टिचकावू नये, हाक मारावी. हात धुवायला पाणी घेताना पट्टी भिजू देऊ नये. सकाळच्या राउंडला 'साहेब, आज ही सुई लागणार आहे का?' एवढं विचारलं तर कुठल्याही डॉक्टरला राग येऊ नये. बहुतेकांना उलट आठवण होते. दुखतंय म्हणणाऱ्या रुग्णाला 'सलाईन आहे, दुखणारच' असं उत्तर मिळालं तर ते चूक आहे. नीट बसलेली नळी सहसा दुखत नाही.

डिस्चार्जच्या गडबडीत नळी हातातच राहून एसटीने गावी गेलेले लोक प्रत्येक रुग्णालयाला माहीत असतात. ती घरी ओढून काढू नये, जवळच्या आरोग्य केंद्रात जावं. काढल्यावर कोरड्या कापसाने दोन-तीन मिनिटं दाबून धरावं, चोळू नये. शिरेची सूज नळी काढल्यावर ४८ तासांपर्यंतही उगवते, म्हणून दोन दिवस जागेकडे लक्ष ठेवावं. जंतू रक्तात गेलेच असतील तर थंडी वाजून ताप येतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस असेल तर तो गुपचूप मणक्यात किंवा हृदयाच्या झडपेवर जाऊन बसतो आणि कित्येक आठवड्यांनी पाठदुखी किंवा धाप घेऊन प्रकट होतो. तोवर हातावरचा डाग गेलेला असतो आणि रुग्णही विसरलेला असतो. अशा वेळी जाणता डॉक्टर विचारतो की गेल्या दोन महिन्यांत कुठे ॲडमिट होता का, सलाईन लागलं होतं का, कुठल्या हाताला आणि किती दिवस. मग प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी तो दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून रक्त काढून कल्चरला पाठवतो, कारण डोस आधी गेला तर जंतू अनेकदा उगवतच नाही आणि पुढचे सगळे उपचार अंदाजाने करावे लागतात.